आपणच आपली मुकादम

घरचा उद्योग : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण भांडवलाचा हिशेब मांडला. जागा, भांडी, पैसा यांची यादी करता येते. आज अशा भांडवलाबद्दल बोलायचं आहे, जे बाजारात मिळत नाही आणि कुणाकडून उसनंही आणता येत नाही. ते म्हणजे उद्योग करणाऱ्याचा स्वभाव.

कारखान्यात भोंगा असतो, हजेरी असते, डोक्यावर मुकादम असतो. घरी यातलं काहीच नसतं. आज मळायचं पीठ उद्या मळलं तरी जाब विचारणारं कुणी नाही. म्हणून माझ्या मते पहिला गुण हाच : कुणी पाहत नसतानाही ठरलेलं काम ठरल्या वेळी, ठरल्यासारखंच करणं. बाकीचे गुण याच्याच पोटी येतात.

लिज्जत पापडाची सुरुवात आठवा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. पैसे देणाऱ्या छगनबाप्पांनी सल्ला दिला की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. तो सल्ला त्या सातजणींनी पाळला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली! अडचणीपुढे हात न टेकता साध्या वस्तूंतून वाट काढणं, हा दुसरा गुण. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

एकच प्रत राखणं किती अवघड असतं, ते मला मस्कतमधल्या दार्सैतच्या माझ्या स्वयंपाकघरात कळलं. मंडळाच्या दिवाळी फराळासाठी दोन किलो भाजणीच्या चकल्या मी अंगावर घेतल्या होत्या. विकायच्या नव्हत्या, पण शब्द दिला होता. गुरुवारी रात्री उशीर झाला, म्हणून आच वाढवली. रंग सुरेख आला. शुक्रवारी सकाळी डबा उघडला, तर निम्म्या चकल्या मऊ! मोठ्या आचेवर त्या वरून तांबूस झाल्या आणि आत ओल तशीच राहिली. तेलातले बुडबुडे शांत होईपर्यंत मध्यम आचेवर थांबायला हवं होतं. पाहुण्यांना काय कळणार, असं क्षणभर मनात आलंच. पण लगेच फोन करून सांगितलं की संध्याकाळी निम्म्याच चकल्या येतील. धीर आणि खरेपणा हे दोन गुण मी त्या एका डब्यातून शिकले.

पुढचा गुण हिशेबाचा. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बाया पहाटे उठून कामगारांना जेवू घालत. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर यायचे, वाण्याचं देणं मात्र रोज वाढायचं. मग सावकार आणि त्याचं व्याज. अंगात कष्ट होते, हाताला चव होती, तरी व्याजात कमाई जायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. एकटीने सोसत बसण्यापेक्षा मदत मागणं हाही गुणच आहे. आणि हिशेब तर पै-पैचा ठेवायला हवा. आपल्याकडे इथे ओमानमध्ये एका रियालाचे हजार बैसा. गॅस, तेलाचा अपव्यय, पिशवी असे पन्नास-पन्नास बैसा वीस वेळा वहीतून सुटले, की अख्खा रियाल गेला.

आणि एक गोष्ट मस्कतमधल्या मैत्रिणींना कळकळीने सांगते. कुटुंबाच्या व्हिसावर आलेल्या माणसाला कामाच्या परवान्याशिवाय धंदा करता येत नाही. ‘चार डबे दिले तर काय होतंय’ असं शेजारीपाजारी म्हणतात, पण निस्तरावं आपल्यालाच लागतं. आधी नियम विचारून घ्या. तोवर शिकायला कुणाची आडकाठी नाही. माप बसवणं, वही लिहिणं, पदार्थ किती दिवस टिकतो ते तपासणं, ही सगळी शिदोरी उद्या गावी परतल्यावर कामाला येईल.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. तुमच्या हातचा एकच पदार्थ तीन वेगवेगळ्या दिवशी करा. प्रत्येक वेळी माप, वेळ आणि खर्च लिहून ठेवा. दरवेळचा थोडा पदार्थ राखून तिन्ही नमुने शेजारी शेजारी मांडा आणि घरच्यांना न सांगता चाखायला द्या. तिन्ही सारखे लागले, तर तुमच्या घरात मुकादम आली असं समजा. वेगळे लागले, तर वही उघडा. चूक कुठे झाली ते तिथेच सापडेल.

पुढील लेखांक : किंमत कशी ठरवावी?