माझगावची नौका, मिकोलायिवचे इंजिन

माझगाव डॉकने बांधलेली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ २०२१ साली नौदलात दाखल झाली, तेव्हा स्वदेशीचा गजर झाला आणि तो बऱ्याच अंशी रास्तही होता. पण सात हजार टनांहून जड अशा या विनाशिकेला तीस नॉटच्या वेगाने पळवणारी चारही गॅस टर्बाइन युक्रेनमधल्या मिकोलायिवची, झोर्या-माशप्रोएक्त कारखान्याची आहेत. युद्धनौकेच्या स्वावलंबनाचा हिशेब पोलादाच्या टनांवर मांडला जातो. तो टर्बाइनच्या पात्यांवर मांडायला हवा. नौदलांनी वाफ सोडली ती केवळ वेगासाठी नव्हे, वाफेच्या नौकाही चपळ होत्या. थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला तास लागतात, गॅस टर्बाइन काही मिनिटांत भार घेते. बिघडले तर बहुतेक नौकांवर ते जागच्या जागी खोलत बसत नाहीत. हवा आत घेणाऱ्या मार्गातूनच अख्खे इंजिन वर काढतात आणि दुसरे बसवतात. मात्र त्याच्या पोटात हजार अंशांहून तापलेल्या वायूत निकेलच्या मिश्रधातूची पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात, आणि समुद्री हवेतले मीठ इंधनातल्या गंधकाशी संगनमत करून तीच पाती कुरतडते. अशी पाती घडवण्याची विद्या मोजक्या देशांकडे आहे आणि ते ती सहजासहजी देत नाहीत.

मग डिझेल काय वाईट? कमी भारावर टर्बाइन इंधन उधळते, हे खरेच. म्हणून तर ‘शिवालिक’ वर्गाच्या फ्रिगेटवर संथ प्रवासाला डिझेल आणि धावायला अमेरिकी एलएम-२५००, अशी जोडी आहे. पण धावायची वेळ आली की टर्बाइनच लागते. ही एलएम-२५०० बंगळूरला एचएएलमध्ये जुळवली जातात, टर्बाइनची दुरुस्ती विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस एक्सिला’ या तळावर होते. ही कमाई थोडी नाही, तरी जुळवणी म्हणजे पाती घडवणे नव्हे. स्वदेशी ‘कावेरी’ इंजिनाची सागरी आवृत्ती सुमारे बारा मेगावॉटची, एक एलएम-२५०० वीस मेगावॉटच्या पुढे जाते.

दोन-तीन देशांकडून इंजिने घेतली की भागेल, हा युक्तिवाद मात्र फसवा आहे. गिअरबॉक्स, शाफ्ट, हवेचे मार्ग, सारे ठरलेल्या टर्बाइनभोवती आखलेले असते. ऐनवेळी दुसरे बसत नाही. २०१४ नंतर युक्रेनने रशियाला टर्बाइन देणे थांबवले आणि कालिनिनग्राडच्या यांतर गोदीत फ्रिगेटचे सांगाडे रखडले. त्यांतले दोन भारताने घेतले. अखेर त्यांची टर्बाइन भारताने युक्रेनकडून स्वतः विकत घेऊन रशियात पोचवली, तेव्हा त्या सांगाड्यांतून ‘तुशिल’ आणि ‘तमाल’ उभ्या राहिल्या. ‘तुशिल’ डिसेंबर २०२४ मध्ये दाखल झाली. तोवर तिचे इंजिन बनवणारा देश आणि तिला बांधणारा देश यांच्यातले युद्ध तिसऱ्या वर्षात होते.