बांडगूळ नव्हे, आमरी

परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहकडे निघालं की मोहाच्या, आंब्याच्या फांद्यांवर जाड, पट्ट्यासारख्या पानांचे झुबके दिसतात. सोबतचं कुणीतरी हमखास म्हणतं, "बांडगूळ आहे, झाड खाऊन टाकतं." ही व्हांडा टेसेलाटा नावाची आमरी, म्हणजे ऑर्किड. तिच्यावरचा हा आरोप साफ खोटा आहे.

बांडगूळ फांदीत शोषकमुळं घुसवून झाडाचं पाणी आणि क्षार ओढतं. त्याच्या जोडावर बहुधा गाठ फुगलेली असते. आमरी झाडातून काहीच घेत नाही, तिला हवा असतो फक्त आधार. तिची जाड, पांढुरकी मुळं सालीवरून पसरतात, काही नुसती हवेत लोंबतात. मुळांवर मृत पेशींचं आवरण असतं. ते स्पंजासारखं पावसाचं पाणी पितं आणि भिजलं की पारदर्शक होतं, म्हणून आतलं हरितद्रव्य दिसून मूळ हिरवं भासतं. सालीच्या खाचांत कुजलेला पाचोळा आणि धूळ यांतून क्षार मिळतात. अन्न ती स्वतःच्या पानांत तयार करते.

ऑर्किड म्हणजे सह्याद्रीची किंवा ईशान्येची, वऱ्हाडच्या उन्हात ती कुठली, असंही अनेकांना वाटतं. पण ही आमरी रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवते आणि दिवसा रंध्रं मिटून त्याची साखर करते. त्यामुळे पाणी वाचतं. तपकिरी जाळीदार पाकळ्या आणि निळसर-जांभळा ओठ असलेलं तिचं सुगंधी फूल ऐन उन्हाळ्यातही उमलतं.

सांधेदुखीवर 'रास्ना' म्हणून काही ठिकाणी हिचीच मुळं विकली जातात. आयुर्वेदाच्या अधिकृत सूत्रसंग्रहातली रास्ना मात्र प्लुचिया लॅन्सिओलाटा हे वेगळंच झुडूप आहे. मग आमरी ओरबाडायची कशासाठी?

घरी नेऊन कुंडीत लावू म्हणाल, तर मातीत तिची मुळं कुजतात. बियांतून नवी आमरी येणंही सोपं नाही. धुळीसारख्या त्या बियांत अन्नसाठा नसतो आणि योग्य बुरशी भेटली तरच त्या रुजतात. शिवाय सेमाडोह परिसरातल्या व्याघ्र प्रकल्पातून परवानगीशिवाय वनस्पती काढणं हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

तुमच्या धुऱ्यावरच्या आंब्यावर आमरी असेल, तर ती खरडू नका. बांडगूळ असेल तर तेवढीच फांदी छाटा.