एकच लिपी, दोन ‘ल’

नाशिकमधल्या एखाद्या लिनक्स संगणकावर मराठी मजकूर वाचताना समोर ‘लोहित’ फॉन्ट असू शकतो. रेड हॅट कंपनीने 2004 मध्ये खुला केलेला हा फॉन्टसंच पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळला. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या सार्वजनिक भांडारात हिंदी, मराठी, कोकणी, मैथिली अशी त्याची वेगवेगळी पॅकेजं होती. लिपी मात्र एकच, त्यामुळे एक दुरुस्ती सगळीकडे करावी लागे. पुढे यातली काही पॅकेजं ‘लोहित देवनागरी’त विलीन झाली.

जुनं पॅकेज नुसतं पुसून भागत नाही, कारण इतर प्रोग्रॅम ते नावाने मागत असतात. म्हणून नव्या पॅकेजच्या माहितीत दोन ओळी लिहितात. ‘ऑब्सोलीट्स’ म्हणजे अमुक जुनं काढा. ‘प्रोव्हाइड्स’ म्हणजे त्या नावाने मागणी आली तर मी आहे. ही दुसरी ओळ मला फार मोलाची वाटते. तिच्याशिवाय चालू कामं अडतात.

तरी सारख्या वाटणाऱ्या पॅकेजांची प्रत्येक जोडी खरी दुबार नसते. मराठी ‘ल’ पाकळीचा, हिंदी ‘ल’ दांडीचा. म्हणूनच डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणाच्या भांडारात लोहित देवनागरीशेजारी मराठीचं वेगळं पॅकेज आहे. दोन्ही ‘ल’चा युनिकोड क्रमांक एकच, 0932. त्यामुळे हा फरक संगणकाला नव्हे, मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यालाच खटकतो.