निकालाच्या दिवशी संगणकांचा तांडेल

दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी जिंतूर, पाथरी, गंगाखेडच काय, साऱ्या राज्यातील मुले एकाच वेळी आपला बैठक क्रमांक घेऊन बसतात. एकटा संगणक या गर्दीपुढे कोलमडेल. अशा कामाला संगणकांचा समूहच हवा.

समूहात प्रत्येक प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सामानासह ‘कंटेनर’मध्ये ठेवतात. मालगाडीवरील पेटीप्रमाणे तो यातील कोणत्याही संगणकावर चढवता येतो. किती कंटेनर कोठे चालवायचे, हे पाहणारी एक प्रणाली म्हणजे गूगलने 2014 मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘कुबरनेटीस’. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपला तांडेलच!

तिचे गणित व्यस्त त्रैराशिकाचे आहे. समजा, 4 कंटेनरांवर सरासरी 90 टक्के भार आहे. आपल्याला तो 60 टक्के हवा. 4 × 90 ÷ 60 = 6. म्हणून आणखी 2 सुरू होतात. गर्दी ओसरली की ते बंद होतात. एखादा संगणक बिघडला, तर त्यावरील कंटेनरांच्या जागी दुसऱ्या संगणकावर नवे सुरू होतात.

मग प्रत्येक शाळेने ही प्रणाली घ्यावी काय? नाही. एका संगणकावर भागत असेल, तर हा पसारा कशाला? शिवाय बिघाड सोसायचा, तर सूत्रधार संगणक किमान 3 लागतात. कारण तेथे बहुमत चालते. 2 पैकी 1 बंद पडला, की उरलेल्या एकट्याचे बहुमत होत नाही.

आता सांगा, 4 सूत्रधार असतील, तर किती बंद पडलेले चालतील? कागदावर मांडून पाहा. उत्तर तुम्हांला चकित करील!