पुराणातला चमत्कार आणि पेटीतला कॅमेरा

विज्ञानकथांची गोडी लागलेली मुलं मला वरचेवर एक प्रश्न विचारतात. इंग्रजांकडे वेल्स, फ्रेंचांकडे ज्यूल व्हर्न. मग आपल्याकडे कोण? आणि उत्तरही तीच देऊन टाकतात. आपल्याकडे पुष्पक विमान! मी मात्र त्यांना एक वेगळंच नाव सांगतो, दादासाहेब फाळके यांचं. मुलं चक्रावतात. फाळक्यांनी तर पौराणिक चित्रपट काढले. त्यांचा विज्ञानकथेशी काय संबंध?

संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांच्या घरी संस्कृतची परंपरा होती. पुराणातल्या कथा त्यांना घरातच मिळाल्या. पुढं मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय आणि बडोद्याचं कलाभवन इथं त्यांनी शिक्षण घेतलं. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली, छपाईचा व्यवसाय केला, जादूचे प्रयोगही केले. जुन्या कथांचं वेड आणि यंत्राचं वेड अशी दोन्ही वेडं एकाच माणसात सुखानं नांदत होती.

१९१२ साली त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला. पण चित्रपटासाठी पैसा कोण देणार? तेव्हा त्यांनी सुरुवातीला देव नाही, राजा नाही, तर कुंडीतला वाटाणा चित्रित केला. कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि ठरावीक वेळानं एकेकच चित्र घ्यायचं. समजा, दर तासाला एक चित्र घेतलं आणि पडद्यावर सेकंदाला सोळा चित्रं दाखवली, तर सोळा तासांची वाढ एका सेकंदात दिसते. बीज फुटतं, कोंब वर येतो, रोप डोलू लागतं. काळ आवळून दाखवणारं ते यंत्रच नव्हे का? वेल्सनं १८९५ साली कालयंत्राची कादंबरी लिहिली. फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपावर त्याची चुणूक दाखवली.

मग ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढं 'लंकादहन', 'कालियामर्दन' आले. कॅमेरा थांबवून मधल्या वेळात वस्तू बदलली की देव प्रकट होतो. एकाच फितीवर दोनदा चित्रण केलं की एकावर एक दोन दृश्यं दिसतात. जादूगार असलेल्या जॉर्ज मेलियस या फ्रेंच माणसानं १९०२ साली अशाच युक्त्यांनी चंद्रावरची सफर पडद्यावर घडवली होती. मेलियसला कथा व्हर्न-वेल्सकडून मिळाली, फाळक्यांना पुराणांकडून. कारागिरी मात्र एकच.

आमच्या वाशिंदहून कल्याणला येऊन कर्जतची गाडी धरली की वाटेत वांगणी लागतं. 'हरिश्चंद्रा'च्या चित्रीकरणासाठी फाळक्यांची मंडळी तिथं गेली होती. तलवारी आणि तो वेष पाहून गावकऱ्यांना हे दरोडेखोर वाटले आणि पोलीस पाटलानं सगळ्यांना अडकवून ठेवलं, अशी हकीकत सांगतात. फाळके आले आणि त्यांनी कॅमेरा उघडून चित्रण कसं होतं ते करून दाखवलं. तेव्हा कुठं सुटका झाली. मला या हकिकतीत फाळक्यांचा सारा स्वभाव दिसतो. चित्रपट कसा तयार होतो, हे सांगणारा एक चित्रपटही त्यांनी पुढं काढला. चमत्कार दाखवायचा, पण पेटी उघडून दाखवायलाही कचरायचं नाही.

विज्ञानकथेचं मर्म हेच आहे. तिथं अद्भुत घडतं, पण का आणि कसं, याचा जाब लेखकाला द्यावा लागतो. पुष्पक विमान ही अप्रतिम कल्पना आहे. तिला इतिहास म्हटलं की प्रश्न विचारणं थांबतं. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ तपासला. तो प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे फाळके पुराणं पडद्यावर आणत होते, साधारण त्याच काळातला तो ग्रंथ. एकानं कल्पनेला कल्पना ठेवून यंत्र हाती घेतलं. दुसरीकडे कल्पनेलाच यंत्र म्हटलं गेलं.

योगायोग असा की, त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. पुढं त्यांनी पानिपतावरही विज्ञानकथा लिहिली. मराठे १७६१ ची लढाई जिंकले असते तर? इतिहास बदलायचा नाही, त्याला प्रश्न विचारायचा. आमच्या शहापूर तालुक्यात माहुली किल्ला आहे. १६३६ साली तिथं शहाजीराजांना शरण जावं लागलं आणि निजामशाही संपली. ती संपली नसती तर? हा प्रश्न मी मुलांपुढं टाकला की पुष्पक विमान बाजूला राहतं आणि वह्या उघडतात.

मुलांचं पुराणांवरचं प्रेम कमी करायची गरज नाही. फाळक्यांचंही ते कमी नव्हतं. मात्र त्या प्रेमाच्या जोडीला पेटी उघडून पाहायची सवय हवी. आता कॅमेरा घरोघरी मोबाइलमध्ये आहे आणि वाटाणे बाजारात मिळतात. या सुट्टीत मुलांना एवढा एक प्रयोग जरूर करू द्या.