मताच्या चिठ्ठीचे पुढे काय होते?

सुलतानपूर (जि. बुलडाणा) : लोकसभा वा विधानसभेच्या मतदानात बटण दाबताच व्हीव्हीपॅटच्या काचेआड ७ सेकंद दिसणारी चिठ्ठी पेटीत पडते. लोणार तालुक्यातील सुलतानपूर असो वा मुंबई, ती मतदाराच्या हाती येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्रातील आकड्यांशी पडताळल्या जातात. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. निवडणूक संचालन नियम, १९६१ नुसार चिठ्ठ्यांची सीलबंद पाकिटे वर्षभर जपावी लागतात. सक्षम न्यायालयाच्या आदेशाविना ती उघडता येत नाहीत. निकालाला आव्हान देण्याची मुदत मात्र ४५ दिवसांची आहे. ती टळली की पुरावा कपाटात असूनही बहुधा निरुपयोगी ठरतो.

सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेण्याचे ठरवले होते. जमावबंदीमुळे ते रद्द झाले. त्यांची शंका खरी की खोटी, हे त्यातून ठरले नाही. शंकेचे निरसन बंदीने होत नाही; ते जपलेला कागद उघडून मोजल्यानेच होते. त्यामुळे चिठ्ठी किती काळ जपावी, याइतकाच ती कोणाला व केव्हा पाहता यावी, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.