एका वर्षाचे विमानतळ

अवशेष हा शब्द उच्चारताच आपल्या मनश्चक्षूंपुढे ढासळलेले बुरूज, भग्न देवालये आणि छपराविना उभे राहिलेले खांब येतात. हंपी, हळशी किंवा कित्तूर येथे सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांस ही चित्रे प्रत्यक्ष परिचयाची आहेत. परंतु अवशेष हे प्राचीनच असले पाहिजेत असा काही नियम नाही. ज्यांचे वय अद्याप शंभर वर्षेही झालेले नाही, ज्यांवर कोणी शिलालेख कोरला नाही आणि जे पाहावयास फारसे कोणी जातही नाही, असे अवशेष आपल्या देशात पुष्कळ आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी घाईघाईने बांधलेले आणि युद्ध संपताच टाकून दिलेले लष्करी विमानतळ हे त्यांपैकीच होत. पश्चिम बंगालमधील खरगपूरच्या आसपास अशा विमानतळांचा एक समूहच आहे. त्याची हकीकत या लेखात सांगावयाची आहे.

ही हकीकत समजण्यासाठी प्रथम १९४२ साली युद्धाची स्थिती काय होती हे पाहिले पाहिजे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि पाहता पाहता बहुतेक सर्व ब्रह्मदेश इंग्रजांच्या ताब्यातून गेला. ब्रह्मदेशातून चीनला जाणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला. डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडले. कालपर्यंत युद्धभूमीपासून दूर असलेला हिंदुस्थानचा पूर्वभाग अशा रीतीने युद्धाच्या उंबरठ्यावर आला. देशभर नवीन विमानतळ बांधण्याची मोहीम सुरू झाली. आपल्या बेळगावजवळचा सांबऱ्याचा विमानतळदेखील १९४२ मध्ये ब्रिटिश वायुदलाने याच धामधुमीत उभारला. सांबऱ्याचे भाग्य असे, की युद्धानंतरही तो उपयोगात राहिला. आज तेथे प्रवासी विमाने उतरतात आणि वायुसैनिकांचे शिक्षणही चालते. त्याच्या अनेक भावंडांना मात्र असे भाग्य लाभले नाही.

खरगपूरच्या विमानतळांना विशेष महत्त्व आले ते एका विमानामुळे. अमेरिकेने त्या सुमारास बी-२९ नावाचे प्रचंड बॉम्बफेकी विमान सिद्ध केले होते. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ४३ मीटर, म्हणजे ओळीने उभ्या केलेल्या चार मोठ्या बसगाड्यांच्या लांबीइतका होता. त्याला चार इंजिने असून त्यावर साधारणपणे ११ जण काम करीत. पेट्रोल व बॉम्ब भरल्यावर त्याचे वजन साठ टनांच्या घरात जाई. जपानवर जेथून थेट हल्ला करता येईल अशी बेटे तेव्हा अमेरिकेच्या हाती नव्हती. म्हणून अशी योजना ठरली, की या विमानांचे मुख्य ठाणे हिंदुस्थानात ठेवावे, हिमालयाच्या पूर्वेकडील पर्वतरांगा ओलांडून त्यांनी चीनमधील चेंगडू भागात उतरावे आणि तेथून जपानवर झेप घ्यावी.

हे ठाणे खरगपूरलाच का झाले? याचे उत्तर भूगोलात आहे. गंगेच्या मुखाकडील प्रदेश सखल, दलदलीचा आणि पुराचा. साठ टनांचे विमान तेथे रुतावयाचेच. खरगपूरच्या पश्चिमेस मात्र जमीन हळूहळू उंचावत जाते आणि तांबड्या जांभ्या दगडाचे कठीण माळ लागतात. हा जांभा आपल्या कोकणातल्या व गोव्यातल्या लोकांच्या पूर्ण ओळखीचा आहे. त्यावरून पाणी लवकर निघून जाते आणि पायाही भक्कम लाभतो. शिवाय खरगपूर हे रेल्वेचे मोठे जंक्शन आणि कलकत्त्याचे बंदरही फार दूर नाही. कठीण जमीन, रेल्वे आणि बंदर या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्यामुळे खरगपूरजवळील सालुआ, तसेच दुधकुंडी, पियारडोबा, चाकुलिया आणि कलाईकुंडा ही लहान लहान गावांची नावे अमेरिकन लष्कराच्या नकाशावर ठळक झाली. पुरुलियाजवळच्या छर्रा येथील विमानतळही काही काळ याच कामी लागला.

यांतील कित्येक ठिकाणी आधी सुमारे ६,००० फूट लांबीच्या धावपट्ट्या होत्या. नव्या विमानासाठी त्या ७,५०० फुटांपर्यंत वाढवाव्या लागल्या. ७,५०० फूट म्हणजे सुमारे सव्वादोन किलोमीटर. साध्या चालीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास अर्धा तास लागावा. विद्यार्थ्यांनी येथे एक गणित करून पाहावे. समजा, अशी धावपट्टी ४५ मीटर रुंद असून काँक्रीटचा थर २० सेंटिमीटर जाड आहे. तर काँक्रीट किती लागेल? सुमारे २०,००० घनमीटर. एका पाटीत २० लिटर माल मावतो असे धरले, तर एका घनमीटरास ५० पाट्या आणि एकूण दहा लाख पाट्या होतात! हे केवळ एका पट्टीचे झाले. विमाने उभी करण्याच्या जागा, जोडरस्ते आणि इमारती यांचा हिशेब निराळाच. अमेरिकन तुकड्यांजवळ यंत्रे होती हे खरे. परंतु कामाचा फार मोठा भाग हजारो हिंदी स्त्री-पुरुषांनी हातांनी व डोक्यावरून उचलला. खडी फोडली ती हातोडीने आणि वाहिली ती पाटीने.

हे मजूर कोणत्या दिवसांतून जात होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ येऊन गावेच्या गावे वाहून गेली होती. त्यानंतर १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ पडला. त्यात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत वीस ते तीस लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अशा काळी पोटासाठी मिळेल ते काम करण्यावाचून गोरगरिबांना गत्यंतर नव्हते. धावपट्टीचे काँक्रीट पाहताना ही भूक विसरून चालणार नाही.

आता विमानतळाची रचना पाहू. म्हणजे ओसाड झालेला विमानतळ ओळखावा कसा हे कळेल. विमान नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडते आणि उतरतेही त्याच दिशेने, म्हणून धावपट्टी त्या प्रदेशातील नित्याच्या वाऱ्याला धरून आखतात. पट्टीच्या टोकांना जोडणारा एक अरुंद रस्ता बाजूने वळसा घालतो. विमाने त्यावरून सावकाश चालत पट्टीवर येत. या रस्त्याला झाडाच्या डहाळीवर पाने असावीत त्याप्रमाणे ठिकठिकाणी गोल किंवा लांबट काँक्रीटचे चौथरे फुटलेले दिसतात. तेथे एकेक विमान वेगळे उभे करीत. शत्रूचा एक बॉम्ब पडल्यास एकाहून अधिक विमाने नष्ट होऊ नयेत, हा त्यामागील हेतू. दारूगोळ्याची कोठारे वस्तीपासून दूर असत आणि राहण्याच्या बराकी त्यांच्या विरुद्ध बाजूस. आज भिंती पडल्या, पत्रे गेले, तरी जमिनीवर हा आराखडा टिकून आहे. उपग्रहावरून घेतलेल्या चित्रांत हिरव्या सालवनाच्या मध्यभागी पट्टी, वळसा आणि पाने अशी ही आकृती स्पष्ट ओळखू येते.

२ एप्रिल १९४४ रोजी पहिले बी-२९ विमान चाकुलियास उतरले. उन्हाळा ऐन भरात होता. विमानाचा पत्रा दुपारी इतका तापे, की त्याला हात लावणे अशक्य होई. त्यामुळे यंत्रकारांना पुष्कळसे काम रात्री किंवा पहाटे करावे लागे. इंजिनेही नवी व अपुरी पारखलेली होती. ती तापून पेट घेत. ५ जून १९४४ रोजी या विमानांची पहिली स्वारी सयामच्या राजधानीवर, बँकॉकवर झाली. ९८ विमाने उडाली, त्यांतील ७७ लक्ष्यापर्यंत पोचली. दहा दिवसांनी, १५ जून रोजी, चेंगडूहून ६८ विमाने जपानमधील यावाता येथील पोलादाच्या कारखान्यावर गेली; ४७ विमानांनी तेथे बॉम्ब टाकले, पण कारखान्याचे नुकसान अल्पच झाले.

या योजनेतील खरी अडचण पेट्रोलची होती. खरगपूरहून चेंगडू सुमारे १,२०० मैल. मध्ये बर्फाच्छादित शिखरे. चीनमध्ये लागणारा प्रत्येक थेंब या शिखरांवरून विमानानेच न्यावा लागे. जपानवर एका विमानाची एक फेरी व्हावी, यासाठी आधी इंधन वाहण्याच्या सरासरी सहा खेपा कराव्या लागत असे सांगतात. पाणी आणावयास गेलेल्या माणसाने घागरीतले बहुतेक पाणी वाटेतच पिऊन टाकावे, तसा हा व्यवहार होता. बंगालमधून सरळ सिंगापूरवर केलेल्या स्वाऱ्या त्या मानाने अधिक फलदायी ठरल्या. ५ नोव्हेंबर १९४४ च्या हल्ल्यात तेथील प्रचंड गोदी काही महिने निकामी झाली.

याच सुमारास, १९४४ च्या ऑगस्टअखेरीस, जनरल कर्टिस लेमे यांनी खरगपूरला येऊन या दलाची सूत्रे हाती घेतली. १८ डिसेंबर रोजी चीनमधील जपानव्याप्त हँको शहरावर आग लावणारे बॉम्ब टाकण्यात आले. दरम्यान प्रशांत महासागरातील मारियाना बेटे अमेरिकेच्या हाती आली होती आणि हिंदुस्थानातून लढण्याचे कारणच उरले नाही. जानेवारी १९४५ मध्ये लेमे तिकडे गेले. त्यामागून विमानेही गेली. मार्च १९४५ अखेर येथील शेवटची स्वारी झाली. पहिले विमान उतरल्यापासून जेमतेम एक वर्ष झाले होते. त्याच महिन्यात मारियाना बेटांवरून गेलेल्या बी-२९ विमानांनी एका रात्रीत टोकियोचा मोठा भाग जाळला. सुमारे एक लाख माणसे मेली. ऑगस्टमध्ये याच जातीच्या विमानांनी हिरोशिमा व नागासाकी यांवर अणुबॉम्ब टाकले. सालवनातील शांत धावपट्टी ही त्या भयानक साखळीची एक आरंभीची कडी होती, हे सत्य कितीही कटू असले तरी ते दृष्टीआड करता येत नाही.

युद्धानंतर या विमानतळांचे दैव निरनिराळे झाले. कलाईकुंडा आज भारतीय वायुदलाचे महत्त्वाचे केंद्र आहे. दुधकुंडीचा माळ वैमानिकांच्या नेमबाजीच्या सरावासाठी वापरण्यात आला. सालुआ येथे सशस्त्र पोलिसांच्या एका जुन्या दलाचे ठाणे झाले. चाकुलिया आता झारखंड राज्यात आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसैनिकांना तेथे शिक्षण देण्यात आले. पियारडोबा मात्र बिष्णुपूरजवळच्या जंगलात तसाच पडून राहिला. बिष्णुपूरची भाजलेल्या विटांची सतराव्या शतकातील मंदिरे पाहावयास दूरदूरचे प्रवासी येतात. परंतु त्याच परिसरातील विसाव्या शतकाचा हा अवशेष बहुतेकांना ठाऊकही नसतो.

सर्वांत विलक्षण स्थित्यंतर झाले ते हिजली येथील इमारतीचे. ही इमारत मुळात राजबंद्यांची छावणी होती. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तेथे पोलिसांनी नि:शस्त्र बंदिवानांवर गोळीबार केला आणि संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे तरुण ठार झाले. युद्धकाळी तीच वास्तू अमेरिकन बॉम्बफेकी दलाचे मुख्य कार्यालय बनली. आणि १९५१ मध्ये स्वतंत्र भारताची पहिली भारतीय तंत्रज्ञान संस्था त्याच वास्तूत सुरू झाली! तुरुंग, युद्धाची कचेरी आणि विद्यालय ही तीन रूपे त्या भिंतींनी वीस वर्षांत पाहिली. आज तेथे विज्ञानाचे संग्रहालय आहे. टाकून दिलेल्या वास्तूचा याहून अधिक चांगला उपयोग कोणता असू शकेल?

बाकीच्या ठिकाणी निसर्ग आपले काम सावकाश करीत आहे. काँक्रीट उन्हाने फुगते व थंडीने आकसते, म्हणून ते एकसंध न ओतता तुकड्यातुकड्यांनी ओततात आणि मधल्या फटींत डांबर भरतात. कालांतराने हे डांबर सुकून निघून जाते. त्या फटीत माती साठते, गवत उगवते, मग झुडूप येते, आणि मुळे जाड होऊ लागली की दगडासारखा थर उचलला जातो. गवताच्या ओळी सरळ रेषेत का उगवल्या आहेत असा प्रश्न पडल्यास त्याचे उत्तर हेच. साठ टनांच्या विमानाला न फुटलेली पट्टी गवताच्या पात्यापुढे हार खाते.

या विमानतळांवरून कोणते विमान केव्हा उडाले, कोठे गेले आणि किती वाजता परतले याच्या बारीकसारीक नोंदी लष्करी दप्तरांत आहेत. वैमानिकांची नावे आहेत, त्यांच्या आठवणींची पुस्तके आहेत. परंतु ज्यांनी त्या दहा लाख पाट्या वाहिल्या, त्यांची नावे कोठे आहेत? ज्यांची शेते धावपट्टीखाली गेली, त्यांचे पुढे काय झाले? त्या पिढीतील माणसे आता फारशी राहिलेली नाहीत आणि त्यांच्याबरोबर त्यांनी पाहिलेला इतिहासही लोपत चालला आहे. काँक्रीट अजून काही वर्षे टिकेल. स्मृती तितकी टिकत नाही.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, इतिहास केवळ क्रमिक पुस्तकात शोधू नका. सांबऱ्याच्या परिसरातील तुमच्या मित्राच्या घरी कोणी वृद्ध आजोबा-आजी असतील, तर विमानतळ बांधला त्या वेळच्या कोणत्या गोष्टी त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत हे आदराने विचारा. काम कोणी केले, मजुरी काय मिळाली, कोणाची जमीन गेली, हे वहीत टिपून ठेवा. त्या वहीला ग्रंथाची प्रतिष्ठा नसेल. परंतु ज्यांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, अशा एखाद्या माणसाचे नाव तीत लिहिलेले असेल. तेवढे झाले तरी आपण इतिहासाचे थोडेसे ऋण फेडले असे म्हणता येईल.